आरशावरच्या टिकल्या

मुंबईत उतरून दोन तास होतात न होतात तोच बंडोपंतांनी स्वतःची हनुवटी कापून घेतली.

गिरगावातल्या त्या लॉजचा आरसा लख्ख होता, उजेड भरपूर होता, पातं कोरं होतं. बालाघाटच्या न्हाणीघरातला आरसा याच्या निम्माही नाही आणि तिथला बल्ब तर नावापुरता. तरी तिथे एक्याऐंशीव्या वर्षीही त्यांची दाढी गुळगुळीत व्हायची. इथे पहिल्याच फटक्याला रक्त.

"बाबा, हात थरथरून राह्यला काय?" पलंगावर आडव्या झालेल्या केदारने विचारलं.

"हात कायले थरथरते? इथलं पाणी जड आहे."

बंडोपंतांनी वर्तमानपत्राचा कपटा भिजवून जखमेवर चिकटवला आणि विषय बंद केला. कलेक्टर कचेरीत बडे बाबू म्हणून पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला विषय बंद करता येतात. मग सदऱ्याच्या खिशात हात घालून त्यांनी कागद जागेवर असल्याची खात्री केली.

तो कागद दिवाळीत सगळ्या घरादेखत लिहिला गेला होता. केदारची मुलगी वैदेही चार वर्षं मुंबईत राहून चित्रं काढत होती, आणि यापुढे तिने काय करायचं याची त्यात तीन कलमं होती. एक, तिच्या पहिल्या प्रदर्शनाला घरचे जातील. दोन, उद्घाटनाच्या संध्याकाळी निदान एक चित्र विकलं गेलं तर ती मुंबईत राहील आणि घरात पुन्हा कोणी हा विषय काढणार नाही. नाही विकलं गेलं तर सोमवारी मलाजखंडच्या शाळेत चित्रकलेची बाई म्हणून रुजू होईल. तीन, घेणारा नात्यातला, गावातला किंवा ओळखीतला चालणार नाही. हे तिसरं कलम खास केदारच्या तोंडाकडे पाहून घातलेलं होतं. लेकीसाठी त्याने आपल्या ऑफिसातल्या शिपायालाही कलारसिक म्हणून उभं केलं असतं.

मलाजखंडची ती जागा आणली होती श्रद्धाने, म्हणजे केदारच्या धाकट्या भावाच्या, कुशलच्या बायकोने. कुशल तिथे खाणीत इंजिनिअर. त्याला रजा मिळाली नाही, म्हणून बंडोपंत, केदार, त्याची बायको कालिंदी आणि श्रद्धा असे चौघेच गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने आले होते. गाडीत दोन्ही जावा समोरासमोर बसून आल्या आणि कल्याणपर्यंत एकमेकींशी गरजेपुरतंच बोलल्या. कालिंदीला लेकीने जिंकायला हवं होतं आणि श्रद्धाने आणलेल्या नोकरीचं कौतुकही करायला हवं होतं. दोन्ही एकदम जमण्यातलं नव्हतं.

दुपारी वैदेही सगळ्यांना जेवायला घेऊन गेली. उंच छताचं, मंद दिव्यांचं हॉटेल. तिने महिनाभर आधी टेबल सांगून ठेवलं होतं आणि वाटेत तीनदा बजावलं होतं, "पप्पा, डबा बाहेर काढायचा नाही."

केदार पीडब्ल्यूडीत सब-इंजिनिअर. आयुष्यभर मोजमाप घेण्यात गेलेलं. समोर ताट आलं तेव्हा त्याने आधी ताट पाहिलं, मग त्यातला पदार्थ शोधला.

"बेटा, हे चाखाले दिलं का जेवाले?"

"पप्पा, सात कोर्स आहेत. एकेक येईल."

"म्हणजे हप्ते पाडून देऊन राह्यले."

वेटर मोठा अदबशीर होता. हात मागे बांधून तो सांगू लागला, की सर, हे कोदो. अत्यंत दुर्मिळ धान्य, मध्य भारताच्या जंगलातून थेट येतं. त्यावर भाजलेल्या भोपळ्याची क्रीम आणि मोहाच्या फुलांचा सिरप.

केदार त्याच्याकडे पाहतच राहिला. "कोदो? अन् मोहा? अरे भाऊ, लांजीच्या बाजारात पोत्यानं पडून राह्यते हे! आम्ही अठरा तास गाडीत बसून आलो, अन् आमच्या आधी कोदो येऊन टेबलावर बसले!"

"केदार, हळू," बंडोपंत म्हणाले. पण तेही ताटाकडेच पाहत होते. त्यांच्या लहानपणी घरात तांदूळ संपला की कोदो शिजायचं आणि ते खाल्लं हे बाहेर कोणाला सांगायचं नसायचं. त्यांनी चमच्याच्या टोकावर थोडंसं घेतलं. मग आणखी थोडं. मग चमचा ठेवून दिला आणि कोणी पाहत नाही असं बघून ताटाच्या कडेची क्रीम बोटाने पुसून घेतली.

कालिंदीने ते पाहिलं. "मामंजी, आवडलं?"

"खराब नाई," बंडोपंत म्हणाले. हा शेरा त्यांनी नोकरीच्या काळात फार थोड्या फायलींवर मारला होता.

सातव्या कोर्सपर्यंत केदारचं पोट भरलं नाही, पण तो चांगलाच खुशीत आला. प्रत्येक ताटाचा त्याने फोटो काढून कुशलला पाठवला. बाहेर पडल्यावर फुटपाथवर उभं राहून त्याने डबा उघडला आणि चार तिखट पुऱ्या खाल्ल्या. "आता झालं जेवण," म्हणाला. "पण ते मोह्याचं जे काही होतं ना, ते मी जन्मभर विसरणार नाही."

पाचला सगळे गॅलरीत पोचले. पाहुणे यायचे होते. मोठी पांढरी खोली, भिंतींवर वैदेहीची चौदा चित्रं, प्रत्येकाशेजारी नावाचं छोटं कार्ड. कालिंदी एकटीच एकेक पाहत पुढे गेली आणि शेवटच्या चित्रापाशी थांबली.

चित्र त्यांच्या न्हाणीघरातल्या आरशाचं होतं. आरशात एका म्हाताऱ्याचं अर्धं तोंड, साबणाच्या फेसाने माखलेलं, ओठ एका बाजूला ओढलेले. आणि आरशाच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत टिकल्या. मरून, लाल, एक जांभळी, दोन झिजून पांढऱ्या पडलेल्या. तीस वर्षं ती अंघोळीआधी टिकली काढून तिथे चिकटवत आली होती, आणि तीस वर्षं सासरे ओरडत आले होते, "न्हाणीघर आहे का टिकल्यांचं दुकान?" पोरीने ते सगळं पाहून ठेवलं होतं. कालिंदीला एकदम भरून आलं. तोंड पुसायच्या आधी तिने सवयीने कपाळावरची टिकली काढली, समोर चिकटवली, पदराने डोळे पुसले आणि वैदेहीने फोटोसाठी हाक मारली तशी पर्समधल्या पाकिटातली नवी टिकली लावून ती पळाली.

बंडोपंतही त्या चित्रापुढे येऊन गेले. "माझं तोंड असं वाकडं आहे?"

"आबा, दाढी करताना सगळ्यांचंच होतं," वैदेही म्हणाली.

"सगळ्यांचं भिंतीवर टांगत नाई कोणी."

साडेपाचपासून पाहुणे येऊ लागले आणि श्रद्धावर संकट कोसळलं.

मुंबईच्या गॅलरीत काय घालतात हे तिने महिनाभर मोबाइलवर पाहिलं होतं. त्यानुसार काळा लांब ड्रेस, काळ्या चपला, केस घट्ट बांधलेले. कालिंदीला तिने गाडीतच सांगितलं होतं, "ताई, तिथं साड्याबिड्या कोणी नेसत नाही." आणि इथे येऊन बघते तर बायका हातमागाच्या साड्यांत, नाकात हे मोठे चांदीचे दागिने, आणि चौघीजणी कालिंदीला घेरून तिच्या वारासिवनीच्या हातमागावरच्या साडीचा पदर हातात घेऊन बघताहेत. काळे कपडे घातलेले फक्त गॅलरीचे नोकर. एका पाहुण्याने श्रद्धाच्या हातात रिकामा ग्लास ठेवला. दुसऱ्याने विचारलं, टॉयलेट कुठे? एका बाईने चित्राकडे बोट दाखवून म्हटलं, "जरा याच्याबद्दल सांगाल?"

श्रद्धा "मी घरची आहे" असं म्हणणार होती. पण चित्रात वैनगंगेचा घाट होता, आणि त्याच्याबद्दल तिला पुष्कळ सांगता येत होतं. ती सांगू लागली. नदी उन्हाळ्यात कुठे आटते, बायका कुठल्या दगडावर कपडे आपटतात, वैदेही सहा वर्षांची असताना तिथे चप्पल वाहून गेली म्हणून कशी रडली. बाई ऐकत राहिली, आणखी दोघं येऊन उभी राहिली. मलाजखंडच्या कॉलनीत कुशल ड्यूटीवर गेला की दिवसभर श्रद्धाशी बोलायला कोणी नसे. खरं तर म्हणूनच तिला वैदेही तिथे हवी होती. नोकरीबिकरी नंतरची गोष्ट. आज पहिल्यांदा माणसं रांग लावून तिचं बोलणं ऐकत होती. तिने हातातला ग्लास दुसऱ्याच्या हातात दिला आणि पुढच्या चित्राकडे वळली.

ऐकायला सगळे होते. घ्यायला कोणी नव्हतं. साडेसहा वाजले. वैदेही हसत होती, पण हाताची बोटं मोडत होती. बंडोपंत खुर्चीवर बसून घड्याळ पाहत होते.

तेवढ्यात गॅलरीत काम करणारी खुशी नावाची मुलगी त्यांना पाणी द्यायला आली. "दादाजी, बधाई हो. आपकी पोती की एक पेंटिंग तो बिक गई."

"कौनसी?"

"वो आखरी वाली, मिरर की. नाम के पास लाल बिंदी लगी है ना? मतलब सोल्ड."

"किसने ली?"

"मॅडम ने लगाया होगा, उनको पता होगा."

तिकडे मॅडमना, म्हणजे गॅलरीच्या मालकीणबाईंना, वाटत होतं, खुशीने लावलं. असा कारभार फक्त सरकारी कचेऱ्यांतच चालतो, ही बंडोपंतांची समजूत त्या संध्याकाळी खोटी ठरली. ते उठले, चित्रापाशी गेले, चष्मा चढवला आणि हात मागे बांधून कार्डाकडे बराच वेळ पाहत राहिले. घरचे सगळे मागे गोळा झाले.

बंडोपंतांनी खिशातून कागद काढला, पेन काढलं, केदारला पाठ वाकवायला लावली आणि त्याच्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं, "अट पूर्ण. मान्य." खाली सही केली, तारीख घातली.

"आबा!" वैदेही त्यांच्या गळ्यातच पडली. हनुवटीवरचा कपटा निघून तिच्या ओढणीला चिकटला.

केदार हातरुमालात तोंड खुपसून रडला. श्रद्धाला वाटलं आपल्याला वाईट वाटेल, पण तसं काही झालं नाही. ती कालिंदीला म्हणाली, "ताई, पोरगी राहू दे इथंच. मी येत जाईन. लोकं मले ओळखाले लागले आता."

सात वाजता एक गृहस्थ आले. साठीचे, दादरला दातांचा दवाखाना असलेले डॉक्टर. सगळी चित्रं भराभर पाहिली आणि आरशाच्या चित्रापुढे थांबले ते हलेचनात. श्रद्धा लगबगीने गेली.

"हे विकलं गेलं, सर," ती अभिमानाने म्हणाली.

"अरेरे." डॉक्टर हळहळले. "जन्मभर मी लोकांची वाकडी तोंडंच बघतो, म्हणून थांबलो खरं तर. पण आता वेगळंच दिसतंय. म्हातारा आहे आरशात, पण चित्र त्याचं नाही. त्या बाईचं आहे. ती कुठेच दिसत नाही, पण सगळं घर तिच्या हाताखाली आहे. त्यालासुद्धा दाढी करायला तिच्या टिकल्यांच्या मधूनच बघावं लागतंय."

कालिंदी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने ते ऐकलं. सासरी, देशकरांच्या घरात, तिच्या स्वयंपाकाला लोक चांगलं म्हणत, तिच्या सोशिकपणाला म्हणत, पण ती दिसत नाही आणि तरी आहे, हे आजवर कोणी म्हटलं नव्हतं. ते चित्र पुन्हा पाहावं म्हणून ती जवळ गेली. आणि तिला कार्डावरची लाल खूण दिसली.

खूण मखमलीची होती. कडेला चिमटीचा दाब होता. पावडरही लागली होती.

कालिंदीने पर्स उघडून टिकल्यांचं पाकीट पाहिलं. मग श्रद्धाचा दंड धरून तिला कोपऱ्यात ओढलं.

"श्रद्धा, ती माझी टिकली आहे वो."

"कोणती?"

"ती सोल्डवाली! मी डोळे पुसाले काढली, अन् लावून देली तिथंच. चित्र कोणीच घेतलं नाही!"

श्रद्धाने आधी चित्राकडे, मग सासऱ्यांकडे, मग पुन्हा जावेकडे पाहिलं. सकाळी ही बातमी तिला मिळाली असती तर तिने ती बंडोपंतांच्या कानात नेऊन घातली असती. आता ती म्हणाली, "ताई, एकदम चूप राहा. सही झालेली आहे."

"पण डॉक्टरले पाह्यजे आहे ना ते!"

"विकलेल्या चित्राचं कौतुक कराले काय जाते? विकलं नाही म्हटलं तर पळेल तो. अन् मामंजी कागद फाडतील. दोन्ही जाईल हातचं."

हे खरं होतं. डॉक्टर दाराकडे निघाले होते. बंडोपंत खुर्चीवर बसून चक्क बशीतला चौथा चिमुकला समोसा खात होते. वैदेही आज किती महिन्यांनी मोकळी हसत होती. कालिंदीने तोंड मिटून घ्यायचं ठरवलं. तीस वर्षं तिने तेच केलं होतं आणि त्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. पण ज्या माणसाने तिला पाहिलं होतं तो दाराबाहेर पाऊल टाकत होता.

"डॉक्टरसाहेब! थांबा!"

सगळी गॅलरी वळली.

"ते चित्र विकलं नाही," कालिंदी म्हणाली. "ती लाल खूण नाही. टिकली आहे. माझी. मी आरशावर लावते तशी लावून देली. सवय आहे मले."

कोणी तरी हसलं. खुशी आणि मॅडम एकमेकींकडे पाहू लागल्या. वैदेहीचा चेहरा उतरला. केदार बापाच्या आणि डॉक्टरांच्या मधोमध उभा राहिला, जणू त्याच्या उभं राहण्याने काही थांबणार होतं.

डॉक्टर परत आले. चित्राकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, कालिंदीच्या कपाळाकडे पाहिलं.

"म्हणजे त्या बाई तुम्ही?"

"हौ."

"आणि हे कोणीही घेतलेलं नाही?"

"नाही."

"मग मी घेतो," डॉक्टर म्हणाले. खुशी धावत गॅलरीची खरी लाल खूण घेऊन आली, तशी त्यांनी तिला अडवलं. "टिकली काढू नका. तिच्यासकट द्या मला."

आता सगळ्यांच्या नजरा बंडोपंतांकडे गेल्या. कालिंदी त्यांच्यापुढे जाऊन खाली मान घालून उभी राहिली.

"मामंजी, चुकी झाली. तुम्ही सही केली तवा विकलं नव्हतं. मले तवा माहीत नव्हतं, शप्पत."

"मले माहीत होतं," बंडोपंत म्हणाले.

"काय?"

"तीस वर्षं त्या आरशात दाढी करून राह्यलो मी. तुझी टिकली ओळखू येणार नाई मले?"

केदारला आधी कळेचना. "बाबा, माहीत होतं तर सही काहून केली?"

बंडोपंतांनी समोसा संपवला, बोटं पुसली. "दिवाळीत कागद लिहिला, अन् आठ दिवसांत पस्तावलो. पोरगी तिकडे रडून राह्यली, मी इकडे. पण लिहून देलेलं मागे घ्यायची मले सवय नाई. काही कारण पाह्यजे होतं. कारण भिंतीवर चिकटलेलं दिसलं, घेऊन टाकलं." मग ते वैदेहीला म्हणाले, "मले तुले घरी न्यायचं होतं. मजा येत नाई तुझ्याविना. बस, एवढंच होतं त्या कागदात."

वैदेहीने आजोबांचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

बंडोपंतांनी मात्र केदारला पुन्हा वाकायला लावलं. आधीच्या शेऱ्यावर रेघ मारली आणि खाली नवा लिहिला, "अट आता पूर्ण. वेळ सायंकाळी सात वाजून वीस मिनिटे." नियम म्हणजे नियम.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजमध्ये केदार दाढीच्या पाण्याचा आवाज ऐकत पडला होता. पाणी वाहत होतं, पण दाढी सुरू होत नव्हती. मग बंडोपंत फेसाने माखलेलं तोंड घेऊन दारात आले आणि शेजारच्या खोलीकडे पाहून त्यांनी हाक मारली.

"कालिंदी!"

ती धावत आली. श्रद्धाही मागोमाग, हातात कंगवा.

"काय झालं मामंजी? पुन्हा कापलं?"

"नाई अजून." बंडोपंत जरा घुटमळले. "घरी कसं, वरची टिकली आली का कल्ला. मधली आली का गाल. जांभळी आली का हनुवटी. इथं सगळं कोरं आहे, अंदाजच लागत नाई." त्यांनी हात पुढे केला. "तीन टिकल्या दे."

कालिंदीने पाकीट आणलं. पण त्यांच्या हातात दिलं नाही. स्वतः आत गेली आणि लख्ख आरशाच्या उजव्या कडेला, घरच्या मापाने, तिन्ही टिकल्या लावून दिल्या.